मागच्या बाकावरची मराठी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोड्या काटछाटीसह)

आदरणीय सर, बाई आणि १९८४ च्या दहावीच्या माझ्या भिडूंनो,

समितीचा फोन आला तेव्हा मला एकच अट घातली गेली. "पंधरा मिनिटं बोल, काहीही बोल, पण पकवू नको." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर त्या शब्दापाशी अडकलो. आपण शाळेत होतो तेव्हा कुणी कुणाला पकवत नव्हतं. आपण पिळायचो. "काय पिळतोस लका," "पीळ मारू नको," असं म्हणायचो. पकवणं हा आपल्या पोरांचा शब्द. ती कॉलेजात गेली, घरी येताना हा शब्द घेऊन आली आणि आपण साठीच्या उंबऱ्यावर तो उचलला. आता आपला 'पिळणे' फक्त कपड्यांना उरलाय. तेही मशीन आल्यापासून गेलंच म्हणा.

तेव्हाच ठरलं, की बोलायचं ते या शब्दांवर. शाळेत शिकवले गेले ते शब्द सर आणि बाईंचे. न शिकवता जे आले, ते आपले.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, की मी पुण्यात मुद्रितशोधक म्हणून जन्म काढला. दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायच्या आणि पोट भरायचं. त्या कामामुळे टेबलावर कायम कोश असायचे. मोल्सवर्थसाहेबाचा कोश, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, जो १९३२ पासून खंडाखंडानं निघाला. आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश. काम नसलं की मी त्यांत आपले शब्द शोधत बसायचो. काही सापडले, पण भलत्याच अर्थानं. काही सापडलेच नाहीत. काही सापडले तेव्हा वाटलं, न सापडते तर बरं झालं असतं. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी 'शाळा'च घ्या. पुण्यात नवीन होतो तेव्हा ऑफिसातला एक जण दुसऱ्याला सांगत होता, "त्यानं माझी शाळा केली." मला वाटलं, फी भरली असेल याची कुणीतरी. केवढं मोठं मन! दोन दिवसांनी कळलं, की 'शाळा करणे' म्हणजे गोड बोलून, डाव टाकून दुसऱ्याला फशी पाडणे. आणि 'शाळा घेणे' म्हणजे चारचौघांत फिरकी ताणणे. ज्यानं हे दोन अर्थ शोधले त्याची शाळा कशी असेल हे मी सांगायला नको. समोर सर बसलेत.

कराडकडून पुण्याला गेलेल्या माणसाची अशी फसगत उलट बाजूनंही होते. 'राडा' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पोरांच्या डोळ्यांपुढे हाणामारी येते. आपल्याकडं जूनमध्ये आई दारातून ओरडायची, "पाय धुऊन ये, सगळा राडा आणलास घरात." राडा म्हणजे चिखल, पायांनी तुडवून झालेला. बांधकामाच्या पडझडीला अजून वर्तमानपत्रात 'राडारोडा' म्हणतात, तो याच घरातला. माणसं एकमेकांना तुडवायला लागली, की त्यालाही राडा म्हणायचं, एवढंच शहरानं केलं. 'टपोरी'चंही तसंच. आपल्याला टपोरे मोती, टपोरे थेंब, टपोरे डोळे शिकवले होते. मुंबईत टपोरी म्हणजे नाक्यावर उभा राहणारा. माझ्या मामेबहिणीला पाहायला आलेल्या मुंबईच्या पाहुण्यांना तिच्या आत्यानं कौतुकानं सांगितलं, "पोरगी टपोरी आहे हो." त्या लग्नाचं पुढं काय झालं ते विचारू नका.

आता ज्याच्यावर बसून आपण हे सगळं शिकलो, तो बाक. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'बांको'चा बाक झाला. चावी, फीत, पगार हे त्याच गलबतातून उतरले. 'हजेरी' अरबीतून फारसीमार्गे आलेली. आणि ज्या शब्दाला आपण सगळे घाबरायचो, तो 'नापास' तर पाहण्यासारखा आहे. 'पास' इंग्रजी. त्याला मागून 'ना' जोडला तो फारसी, नालायक, नापसंत यांतला. म्हणजे मोगलाई आणि इंग्रजी राज्य दोन्ही एकत्र येऊन आपल्या प्रगतिपुस्तकावर बसली होती. हा शब्द कुणा सरकारी समितीनं बनवलेला वाटत नाही. परीक्षेहून घरी येणाऱ्या पोरानं बापाला एका दमात सांगून टाकण्यासाठी तो घडवला असणार.

'दांडी मारणे' मात्र मला फार दिवस उमगत नव्हतं. इतिहासाच्या सरांना आठवत असेल, "दांडीयात्रा केव्हा झाली?" असं त्यांनी विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं, "काल दुपारी, सर." १९३० च्या सत्याग्रहाचा आणि आपल्या दांडीचा अर्थात काही संबंध नाही. हिंदी बाजारात 'डंडी मारना' म्हणजे तराजूची दांडी बोटानं दाबून माल कमी भरणे. माझा तर्क असा, की आपणही तेच करायचो. आठवड्याच्या मापातून दोन तास गुपचूप कमी. क्रिकेटमधली दांडी वेगळी. ती उडाली की माणूस तंबूत. परीक्षेत उडाली की सुट्टीत गणिताची शिकवणी.

आता माझं स्वतःचं. सहावीत वैद्यकीय तपासणी झाली होती. व्हरांड्यात वजनकाटा ठेवला होता आणि रांगेत सर्वांत पुढं मी, कारण उंचीप्रमाणे रांग लावली की मी नेहमीच पुढं. काट्यावर उभा राहिलो, काटा हलला न हलला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "किती भरला?" दुसरा म्हणाला, "पावशेर!" त्या दिवसापासून दहावीच्या निरोप समारंभापर्यंत मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही. एकदा शाळेच्या कार्यालयातल्या शिपाईमामांनीसुद्धा वर्गात येऊन विचारलं, "पावशेर कोण रं? घरून डबा आलाय."

गंमत अशी, की तेव्हा पावशेर कायद्यानं अस्तित्वातच नव्हता. भारतात मेट्रिक वजनं १९५८ पासून लागू व्हायला लागली. शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, त्याचा चौथा हिस्सा पावशेर, त्याचा निम्मा नवटाक. आपला जन्म झाला तो किलोच्या राज्यात. तरी वाण्याकडं आई पाठवायची ती पावशेर साखर आणायला, आणि वाणी अडीचशे ग्रॅमचं वजन टाकून ती द्यायचा. दोघांनाही ठाऊक होतं, की आपण खोटं बोलतोय. व्यवहार मात्र खरा होता. नवटाक तर दुकानातून गेला आणि गुत्त्यात जाऊन राहिला. आपल्या वडिलांच्या पिढीत 'नवटाक मारून आलाय' म्हटलं, की काय ते सगळ्यांना कळायचं.

पैशांचंही असंच. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आणे गेले. तरी डोक्यानं जरा हललेल्या माणसाला आपण 'चार आणे कमी आहे' म्हणायचो. 'पंचवीस टक्के कमी' असं अजूनही कुणी म्हणत नाही. पुढं २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं. आता चार आणे फक्त माणसांतच कमी पडतात. आणि 'चारसोबीस'! भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम ४२०, साल १८६०. राज कपूरनं १९५५ मध्ये त्याच्या नावानं सिनेमा काढला. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली. नव्या न्याय संहितेत फसवणूक ३१८ व्या कलमात आहे. पण कुणी तुम्हाला गंडवलं तर "तीनशे अठरा आहे तो" असं म्हणून बघा. समोरचा म्हणेल, कुठल्या खोलीत?

असे हे शब्द. माप गेलं, नाणं गेलं, कायदा गेला, आणि टरफल तेवढं बोलण्यात राहिलं. कोशात पावशेर सापडतो तो वजन म्हणून. सहावीतला बारीक मुलगा त्यात कुठं नाही.

इथवरचं सगळं मुलांच्या बाकांवरचं झालं. भाषणाची तयारी करताना मी वर्गातल्या एका मैत्रिणीला फोन लावला. मुली तेव्हा एकमेकींत काय बोलायच्या हे विचारलं. चाळीस वर्षांत आमचं झालेलं हे पहिलं मोठं बोलणं. तेव्हा मुलामुलींनी वर्गात बोलायची पद्धत नव्हती, हे तरुण मंडळींना सांगून पटत नाही.

ती म्हणाली, "आमची च-ची भाषा होती." शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि त्याच्या जागी च. शाळेची 'चळाशा'. सर आले की 'चरस चलेआ'. त्यात त्या एवढ्या सराईत होत्या, की आमच्यासमोर आमच्याबद्दल बोलायच्या आणि आम्हाला वाटायचं भूगोल पाठ करताहेत. तशी ही कला आपल्याकडं जुनी आहे. जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी बैलाचा भाव ठरवतात. महानुभावांनी तर आपले ग्रंथच सकळ लिपीत, सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवले. बाहेरच्याला कळू नये हा हेतू सगळीकडं एकच. मुलींच्या बाबतीत बाहेरचे म्हणजे आम्ही.

मी तिला विचारलं, कशापायी एवढी गुप्तता? ती थोडी थांबली. म्हणाली, "तुम्ही काय बोलायचात ते आम्हाला ऐकू यायचं म्हणून."

मग तिनं यादी सांगितली. त्यातले दोनतीन शब्द इथं उच्चारता येणार नाहीत. उच्चारता येण्यासारखा एक, 'छावी'. छावा म्हणजे पिल्लू, सिंहाचा किंवा हत्तीचा बच्चा. शिवाजी सावंतांची संभाजीराजांवरची 'छावा' कादंबरी १९७९ साली आली, आपल्या ग्रंथालयात ती एकच प्रत होती आणि तिच्यासाठी नंबर लागायचे. पण रस्त्यावर छावा म्हणजे प्रियकर आणि छावी म्हणजे कुणाच्या तरी मनात भरलेली मुलगी, तिला स्वतःला पत्ता असो नसो. आम्हाला तो शब्द बरा वाटायचा. चक्क कौतुकाचा वाटायचा. ती म्हणाली, "स्टँडपासून शाळेपर्यंत तो शब्द मागून ऐकू आला, की आम्ही चालायचा वेग वाढवायचो. पावसात चपला हातात घेऊन."

आम्हाला मुलींनी ठेवलेली नावंही होती म्हणे. माझं काय होतं, ते तिनं सांगितलं नाही. "तुला पावशेर पुरे," म्हणाली.

आता 'भिडू'. सुरुवातीला मी तुम्हाला भिडू म्हटलं तेव्हा मागं काही जण हसले. त्यांना जॅकी श्रॉफ आठवला असणार. पण हा शब्द आपल्या मैदानावरचा. भिडणे यातून आला. जो आपल्या बाजूनं डावात भिडतो तो भिडू. कबड्डीत, लंगडीत, विटीदांडूत दोन म्होरके समोरासमोर उभे राहायचे आणि आळीपाळीनं भिडू मागायचे. शेवटी जो उरायचा त्याला कुणीतरी पदरात घ्यायचं. लहान असेल तर 'कच्चा लिंबू'. खेळ, पण बाद होणार नाहीस, आणि तुझा गुणही धरणार नाही. इथून हा शब्द मुंबईला गेला, गल्लीतल्या हिंदीत शिरला, सिनेमात गेला. २०२४ च्या मे महिन्यात जॅकी श्रॉफ दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, की माझं नाव, आवाज, छबी आणि 'भिडू' हा शब्द माझ्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरू नये. त्यांची तक्रार माल विकणाऱ्यांविरुद्ध होती आणि ती रास्तच. पण बातमी वाचून मला आपलं मैदान आठवलं. म्हटलं, आपण परवानगी कुणाकडून घ्यायची? व्यायामाच्या सरांकडून?

शेवटी उरायचा तो भिडू. त्याच्याबद्दल बोलायचं म्हणून मी एवढा लांबून आलो.

आपल्या वर्गात एक जण होता. नाव घेणार नाही, तसं कबूल केलंय. बऱ्याच जणांना आत्ताच कळलं असेल. कळलं असेल तर कृपा करून मान वळवून बघू नका. तो उंच होता, पोहण्यात कृष्णेला आडवा जाणारा होता. पण फळ्यावरचं वाचायला उभा केला, की अक्षरं त्याच्यापुढं पळायला लागायची. आठवीत एका शिक्षकांनी त्याला भर वर्गात 'ढ' म्हटलं. ते शिक्षक आज नाहीत, त्यांनी मला पुष्कळ शिकवलं आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही. त्यांनी तो शब्द एकदा उच्चारला असेल, दोनदा असेल. पुढची तीन वर्षं तो आम्ही चालवला. हजेरी घेताना त्याचा नंबर आला, की मागून कुणीतरी बारीक आवाजात 'ढ' म्हणायचं आणि वर्ग हसायचा.

दहावीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या बाकावर, जिथं तो हात ठेवायचा नेमकं तिथं, कुणीतरी कर्कटकानं एक मोठा ढ कोरला. चांगला खोल, वळणदार. वर्षभर तो त्या अक्षरावर वही ठेवून लिहायचा.

तो मी कोरला होता. शनिवारची शाळा सुटल्यावर. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तो नापास झाला आणि शाळेतून गेला. मी पुण्याला गेलो. पुढं कधीतरी प्रेसमध्ये लिपीवरचं एक पुस्तक तपासायला आलं. त्यात ब्राह्मी अक्षरांचा तक्ता होता. अशोकाच्या शिलालेखांतली अक्षरं पाहिली, तर क ओळखू येत नाही, म ओळखू येत नाही, आणि मधेच एक अक्षर आपल्याकडं बघून हसतंय. ढ. बाकीच्या अक्षरांनी बावीस-तेवीसशे वर्षांत रूपं पालटली. हा जवळजवळ जसाच्या तसा. त्यावरूनच सांगतात, की ज्याच्यात काही म्हणता काही बदल होत नाही, प्रगती नाही, त्याला 'ढ' म्हणायला लागले. अक्षराचं खरं आहे, तक्त्यात दिसतं. व्युत्पत्ती मला पंतोजीचा विनोद वाटते. ब्राह्मी वाचलेला माणूस वर्गातल्या पोराला नाव ठेवायला एवढा लांब कशाला जाईल? मला विचाराल तर सगळं त्या उच्चारात आहे. कोशात ढ चं पान उघडा. ढब्बू, ढिम्म, ढिला, ढेकूळ, ढेपाळणे, ढोल. सगळे जड, बसके, हलवले तरी न हलणारे. मी त्या पानावरची अशी एक यादीच करून ठेवली होती. छत्तीसच्या आकड्यात ३ आणि ६ एकमेकांकडं पाठ करून बसतात म्हणून ती म्हण झाली. तसा हा एका अक्षरातच आळस साठलेला, असं माझं मत होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

गेल्या महिन्यात समितीनं फोनची वाटणी केली तेव्हा त्याचा नंबर मी मागून घेतला. तो आता पाण्याच्या मोटारी भरून देतो, वायंडिंगचं स्वतःचं दुकान आहे. नदीकाठच्या निम्म्या उसाला त्यानं दुरुस्त केलेल्या मोटारींचं पाणी जात असेल. फोन उचलला तेव्हा मागं कुणावर तरी ओरडत होता, "त्येचा एक फेज गेलाय, नादी लागू नको." मी विचारलं, मोटारीचा का? म्हणाला, "न्हाई, गिऱ्हाइकाचा." मग मला समजावून सांगितलं. तीन फेजवर चालणाऱ्या मोटारीचा एक फेज गेला, की ती नुसती गुंगुं करत बसते, फिरत नाही, तापते आणि शेवटी जळते. तसा माणूस. मी म्हटलं, म्हणजे आपला 'चार आणे कमी'. तो म्हणाला, "व्हय, पण आण्यानं कुणी जळत न्हाई."

मी तिथंच वही काढून ते लिहून घेतलं. मग बाकाचं सांगितलं. बराच वेळ जुळवाजुळव करून, शब्द पाठ करून ठेवले होते. तो ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "म्हाईत हाय की."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? दोन वर्सं तुझ्याच वह्या बघून उतरवत हुतो. तुझं अक्षर वळखायचो न्हाई व्हय?"

मला बोलायला सुचेना. मग माझ्या धंद्याप्रमाणे मी विद्वत्ता काढली. अशोक, ब्राह्मी, तक्ता सगळं सांगितलं. तो हसला. "म्हंजी तेवढं एकच टिकलं व्हय? बाकीची सगळी बदलली?" मीही हसलो. वाटलं, सुटलो.

मग तो म्हणाला, "आईनं एकदा इचारलं हुतं. नदीवर पोरांनी हाक मारलेली तिनं ऐकली. 'ढ म्हंजी काय रं?' म्हणाली. मी सांगितलं, ढ म्हंजी ढाण्या. ढाण्या वाघ. तिला लई आवडलं. मरंपतूर ढाण्याच म्हणायची मला."

माझ्या यादीत ढाण्या नव्हता. ढब्बू होता, ढेकूळ होतं. त्याच पानावर, त्याच अक्षराखाली ढाण्या असणार. तीस वर्षं ते पान उलटून मला तो दिसला नव्हता.

मी त्याला विचारलं, हे मेळाव्यात सांगितलं तर चालेल का. तो म्हणाला, "गोष्ट सांग. हाक मारू नका. गोष्ट येकदा सांगून संपती. हाक दिसभर मारत्यात." तो आलाय. दुकान बंद करून आलाय. आत्ता जेवणाच्या रांगेत, फोटोच्या वेळी, बसमध्ये, त्याला त्याच्या नावानं बोलवायचं, एवढीच समितीतर्फे सर्वांना विनंती.

खाली गेल्यावर मी मघाशी तो जुना बाक बघायला गेलो होतो. शिपाई म्हणाला, लाकडी बाक आठ-दहा वर्षांपूर्वीच लिलावात गेले. आता लोखंडी आहेत. त्यांच्यावर कर्कटक चालत नाही. पोरं पांढऱ्या शाईनं लिहितात. दोनचार शब्द वाचले, एकाचाही अर्थ मला लागला नाही.

एक कामाची गोष्ट सांगायची राहिली. स्मरणिकेच्या शेवटी आपल्या सगळ्यांची नावं, पत्ते आणि फोन आहेत. त्यात समितीनं हौसेनं 'टोपणनाव' असा एक रकाना ठेवलाय. मुद्रितं तपासायला अर्थातच माझ्याकडं आली. मुलींचे बहुतेक रकाने रिकामेच आलेत. त्याच्या नावापुढं कुणीतरी आठवणीनं ते एक अक्षर टाइप केलं होतं. मी त्याला फोन करून विचारलं, काय लिहू? म्हणाला, "काय न्हाई. ऱ्हाऊ दे रिकामा." काढून टाकलंय. अजून कुणाला आपला रकाना रिकामा हवा असेल, तर जेवणानंतर मी दाराजवळच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसणार आहे. कारण विचारणार नाही.

माझ्या नावापुढं 'पावशेर' तसंच ठेवलंय. वजन सध्या अठ्ठ्याहत्तर किलो आहे. शुद्धिपत्रात दुरुस्ती द्यायची का, ते समितीनं ठरवावं.